हाफकिन आणि लशीचा साक्षीपुरावा

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेने निघाल्यावर नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय याच गावात आहे. जनावरांच्या वैद्यकाला एक सोय असते, जी माणसांच्या वैद्यकाला सहजासहजी लाभत नाही. एकाच कळपातील निम्म्या मेंढ्यांना लस टोचावी, निम्म्या तशाच ठेवाव्यात आणि काय होते ते पाहावे. लुई पाश्चर यांनी १८८१ च्या मे महिन्यात फ्रान्समधील पुई-ल-फोर या खेड्यात फाशी रोगाच्या लशीची परीक्षा अशाच रीतीने घेतली होती. टोचलेली मेंढरे जगली, न टोचलेली मेली. हा निकाल इतका लख्ख होता की शेतकऱ्यालाही तो समजण्यासाठी कोणाचे स्पष्टीकरण लागले नाही.

माणसांच्या बाबतीत असा निवाडा कसा करावयाचा? एखादे औषध वा लस गुणकारी आहे असे सांगितले जाते, तेव्हा त्यामागचा पुरावा किती भक्कम आहे, हे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे? आजच्या वैद्यकात या प्रश्नासाठी पुराव्याच्या प्रतवारीच्या रीतसर पद्धती आहेत. मात्र त्या अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, मुंबईतील प्लेगच्या भीषण साथीत, एका परदेशी शास्त्रज्ञाने हा प्रश्न हाती घेतला. वाल्डेमार हाफकिन हे त्याचे नाव. परळच्या संस्थेमुळे ते मुंबईकरांच्या तोंडी रोज असते. त्यांची लस सर्वांना ठाऊक आहे. ती गुणकारी आहे हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी केलेला खटाटोप मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. पुढे त्याच पुराव्याच्या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची घडी कशी विस्कटली, हेही विस्मरणात गेले आहे.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात प्रख्यात जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. झारच्या राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणांच्या चळवळीशी त्यांचा संबंध आला. १८८१ मध्ये ओडेशात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा आपल्या वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तेही होते. अटकही त्यांना चुकली नाही. विद्वत्ता होती, परंतु ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झाल्याशिवाय विद्यापीठात प्राध्यापकपद मिळणे शक्य नव्हते. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला.

१८८८ मध्ये ते जिनिव्हात आणि पुढील वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. जागा मिळाली ती साहाय्यक ग्रंथपालाची. दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करावे, असा त्यांचा क्रम होता. त्या काळी युरोपवर पटकीचे सावट होते. पटकीचे जंतू प्राण्यांच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन त्यांची तीव्रता निश्चित करावयाची आणि त्यांपासून लस बनवावयाची, या दिशेने त्यांनी काम केले. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. थोडा ताप आला, टोचल्या जागी वेदना झाल्या आणि काही दिवसांत ते बरे झाले.

या प्रयोगाने काय सिद्ध झाले? लस टोचल्याने माणूस मरत नाही, एवढेच. ती पटकी रोखते की नाही, याविषयी त्यातून काहीच कळत नव्हते. धाडस मोठे असले तरी पुरावा एका माणसाचाच राहतो, याची हाफकिन यांना पुरेपूर जाणीव होती. पटकी जेथे दरवर्षी येते, तेथेच तिची परीक्षा होऊ शकत होती. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या साहाय्याने मार्ग मोकळा झाला आणि १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

तुलना कोणाशी?

पुढील दोन-सव्वादोन वर्षांत त्यांनी आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत प्रवास केला आणि चाळीस हजारांहून अधिक लोकांना पटकीची लस टोचली. लष्कराच्या छावण्या, तुरुंग, मळ्यांवरील मजुरांच्या चाळी आणि कलकत्त्याच्या वस्त्या ही त्यांची कार्यक्षेत्रे होती. लोकांचा अविश्वास साहजिक होता. कलकत्त्याच्या एका वस्तीत जमाव बिथरला तेव्हा सोबतच्या भारतीय डॉक्टरांनी सर्वांदेखत आधी स्वतःला टोचून घेतले आणि मग लोक पुढे आले.

या फिरतीत हाफकिन यांच्या ध्यानात एक गोष्ट पक्की बसली. टोचलेले किती आजारी पडले, हा आकडा एकटा निरर्थक असतो. त्याच जागी, त्याच काळात, तेच पाणी पिणाऱ्या आणि तेच अन्न खाणाऱ्या न टोचलेल्या माणसांपैकी किती आजारी पडले, हे शेजारी मांडल्याशिवाय पहिल्या आकड्याला अर्थ येत नाही. एका पलटणीची तुलना दुसऱ्या गावच्या पलटणीशी करून भागत नाही, कारण दोन्हीकडचे पाणी वेगळे असते. यंदाची तुलना गेल्या वर्षाशी करूनही भागत नाही, कारण साथ कधी तीव्र असते, कधी सौम्य. म्हणून त्यांनी तुलना एका छताखाली आणली. एकाच तुरुंगातील, एकाच वस्तीतील, शक्य तेथे एकाच घरातील काही माणसे टोचलेली आणि काही न टोचलेली अशी असावीत आणि दोघांचीही मोजदाद सारख्याच काळजीने व्हावी, असा त्यांचा आग्रह राहिला.

येथे शास्त्राचा आणि माणुसकीचा पेच होता. मेंढरांच्या कळपाप्रमाणे माणसांची वाटणी करता येत नाही. ज्याला लस हवी त्याला ती नाकारावी कशी? आणि फक्त मागणाऱ्यालाच टोचली, तर आपणहून पुढे येणारा माणूस मुळातच अधिक धट्टाकट्टा, अधिक जपून राहणारा असेल, तो लशीमुळे वाचला की स्वभावामुळे, हे कसे सांगावे? हा प्रश्न हाफकिन यांच्या पुढील सर्व कामाच्या मुळाशी राहिला.

मुंबईची साथ

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पाहता पाहता रोग शहरभर फैलावला. लोक मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या बोटीने मुंबई सोडू लागले आणि रोगही त्यांच्यासोबत निघाला. पुणे, सातारा आणि पुढे अवघ्या दख्खनवर प्लेगची छाया पसरली. उंदीर पडू लागले की गाव ओस टाकून माळावर झोपड्या घालावयाच्या, हा कित्येक गावांचा वर्षांनुवर्षांचा नेम झाला. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले. त्याच वर्षी लागू झालेल्या साथरोग कायद्याने सरकारला अमर्याद अधिकार दिले. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि सोजिरांची दांडगाई यांनी पुणे पेटले. प्लेगचा अधिकारी रँड याचा त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर मृत्यू झाला.

या कोलाहलात हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईस पोहोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि व्हरांड्याचा तुकडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई होते. तीन महिन्यांत त्यांनी लस सिद्ध केली. जंतू वाढविण्यासाठी मांसाचा अर्क लागे. हिंदू व मुसलमान दोघांच्याही भावना जपाव्यात म्हणून तो बोकडाच्या मांसापासून बनविण्यात येई. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले की त्यांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या झुंबरांसारखे. ही वाढ हलवून खाली पाडावयाची, पुन्हा नवी येऊ द्यावयाची आणि अखेरीस सगळे द्रव्य तापवून जंतू मारावयाचे, अशी ती कृती होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मात्रा नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट होती.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपुढे लशीची माहिती ठेवण्यात आली आणि निम्म्याच्या आसपास कैदी आपणहून तयार झाले. टोचतेवेळीच ज्यांना रोगाची लागण झालेली होती, त्यांना हिशेबातून वगळण्यात आले. पुढील काही दिवसांचा हिशेब असा निघाला : न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ दगावले. टोचलेल्या १४७ जणांपैकी दोघांना प्लेग झाला आणि कोणीही दगावला नाही. दोन्ही गटांचे अन्न एक, कोठड्या एक, पहारा एक. तरीही संख्या लहान होती आणि टोचून घेणारे स्वेच्छेने पुढे आलेले होते. हाफकिन यांना या दोन्ही उणिवा दिसत होत्या. निकाल उत्साह वाढविणारा होता, परंतु अखेरचा नव्हता.

मोठा आकडा आणि भक्कम आकडा

त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमण येथून फार मोठे आकडे हाती आले. तेथे टोचलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ जण मृत्यू पावले आणि न टोचलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२. म्हणजे एका बाजूस शंभरात दोघांहूनही कमी, दुसऱ्या बाजूस शंभरात जवळपास पंचवीस. एवढा प्रचंड फरक योगायोगाने पडत नाही. तथापि साथीच्या गावात माणसे पळून जातात, परत येतात, कोणाची नोंद राहते, कोणाची राहत नाही. कोणी साथीच्या आरंभी टोचून घेतो, कोणी अर्धी साथ ओसरल्यावर. जो उशिरा टोचून घेतो तो तोवर जगलेला असतोच, आणि त्याचे ते जगणे लशीच्या खात्यावर जमा होते. आकडा मोठा असला म्हणजे भक्कम असतोच असे नाही, हा धडा आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला नव्याने शिकावा लागतो.

म्हणून हाफकिन यांनी निवड माणसाच्या मर्जीवर न सोडण्याचा मार्ग धरला. १८९८ च्या आरंभी उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांना ओळीने बसवून एकाआड एक टोचण्यात आले. कोण टोचला जाणार हे त्याच्या प्रकृतीवर वा धिटाईवर नव्हे, तर तो ओळीत कोठे बसला यावर ठरले. त्यानंतर फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा या खेड्यात त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. गाव प्लेगने ग्रासलेले होते. गावातील कुटुंबे एकेक करून समोर बोलावण्यात आली आणि प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस देण्यात आली. बाप टोचलेला तर भाऊ न टोचलेला, एक मूल टोचलेले तर दुसरे न टोचलेले. घर एक, चूल एक, उंदीरही तेच.

सुमारे सहा आठवड्यांनी गावाची पुन्हा मोजदाद झाली. मधल्या काळात २८ कुटुंबांत प्लेग शिरला होता. त्या घरांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ जण दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला आणि तिघे दगावले. संख्या दमणच्या तुलनेत नगण्य होती, पण पुरावा अधिक वजनाचा होता. एकाच घरात जे वाचले आणि जे गेले त्यांच्यात लशीवाचून दुसरा ठळक फरक दाखविणे कठीण होते.

या आकड्यांमागे माणसे होती, हे विसरून चालणार नाही. उंढेऱ्यात न टोचलेल्या गटात गेलेले २६ जण आपण कोणत्या तुलनेचा भाग आहोत हे कितपत जाणून होते? आजच्या नैतिक संकेतांनुसार अशी परीक्षा लेखी संमतीशिवाय आणि तज्ज्ञ समितीच्या मान्यतेशिवाय होऊ शकत नाही. त्या काळी असे संकेत नव्हते. परंतु निष्कर्ष निश्चित नसलेली लस सक्तीने साऱ्यांना टोचणे आणि तिची परीक्षा घेणे यांत हाफकिन यांनी दुसरा मार्ग निवडला. प्लेगच्या त्या जुलमी काळात लस घेणे बहुतांशी ऐच्छिक राहिले. मुंबईत खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले, प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली आणि त्या समाजातील हजारो लोकांनी लस घेतली. समजुतीने जे साधले, ते सोजिरांच्या बंदुकींना साधले नाही.

आयोगाचा तराजू

१८९८ च्या अखेरीस सरकारने प्लेग आयोग नेमला. एडिंबरोचे प्रा. टॉमस फ्रेझर त्याचे अध्यक्ष होते आणि पुढे विषमज्वराच्या लशीसाठी नावाजलेले आल्मरॉथ राइट हे एक सदस्य होते. आयोग देशभर हिंडला, शेकडो साक्षी घेतल्या आणि हाफकिन यांच्या लशीविषयी आलेल्या आकडेवारीचा ठिकाणवार किस काढला. लोकसंख्या मोजली होती की अंदाजली होती, टोचलेल्यांची नोंद कशी ठेवली, प्लेगचे निदान कोणी केले, न टोचलेले लोक खरोखर तेवढ्याच धोक्यात होते काय, असे प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारले गेले. आज ज्याला पुराव्याची प्रतवारी म्हणतात, तिचेच हे जुने रूप होय.

आयोगाचा निर्णय तोलून मापून दिलेला होता. लस प्लेगची लागण बऱ्याच अंशी कमी करते आणि मृत्यू त्याहूनही अधिक कमी करते. ती संपूर्ण संरक्षण देत नाही, आणि संरक्षण किती काळ टिकते हे निश्चित नाही. अनेक ठिकाणची आकडेवारी सदोष आहे. लशीची मात्रा व तीव्रता एकसारखी राखण्याची पद्धत समाधानकारक नाही. असे असले तरी काळजीपूर्वक ती देत राहावी. शिफारस करावयाची, पण तिच्यामागचा पुरावा कोठे पक्का आणि कोठे कच्चा हे लपवावयाचे नाही, ही वृत्ती त्यात दिसते. हाफकिन यांना काही टीका झोंबली असेल, पण त्यांचे मूळ म्हणणे टिकले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. मुंबईच्या व्हरांड्यात सुरू झालेले काम आता राजवाड्यात आले होते.

मलकवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले आणि तेथून लशीची प्रचंड मागणी आली. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून परळला कृतीत बदल करण्यात आला. पूर्वी लशीत कार्बोलिक आम्ल घालीत, ते आता वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण होऊ लागले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हीच रीत वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. काही दिवसांनी त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व दगावले. त्या दिवशी वापरलेल्या बाटल्यांपैकी एकाच बाटलीतील लस या १९ जणांना दिली गेली होती. तिचा क्रमांक ५३-एन. इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झाले नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने निष्कर्ष काढला की दूषण परळच्या प्रयोगशाळेतच, बाटली भरण्यापूर्वी वा भरताना झाले असावे. कार्बोलिक वगळणे ही चूक ठरविण्यात आली. हाफकिन यांना कामावरून दूर करून बिनपगारी रजेवर पाठविण्यात आले. ते इंग्लंडला गेले. ज्याने आयुष्यभर दोन गोष्टींत कार्यकारणाचा संबंध जोडण्यापूर्वी तुलना करा असे सांगितले, त्याच्यावरच एका ढिल्या अनुमानाच्या आधारे ठपका आला होता.

हाफकिन आणि त्यांचे समर्थक यांनी पुरावा पुन्हा मांडावयास घेतला. त्या दिवशी मलकवालला बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याचा उपयोग पुढे बूच काढताना झाला आणि तो आगीवर धरून शुद्ध न करता जंतुनाशकात नुसता बुडविण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. बाटली परळला भरून चाळीसएक दिवस झाले होते. दूषण तेव्हाच झाले असते तर इतक्या अवधीत जंतू वाढून द्रव्याला घाण वास आला असता, पण टोचणाऱ्या डॉक्टराला असा वास आला नव्हता. शिवाय रोगाची लक्षणे टोचल्यानंतर जवळपास आठवड्याने दिसली. विषाने आधीच भरलेली बाटली असती तर ती याहून लवकर दिसली असती. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने हा पुरावा तपासून दूषण प्रयोगशाळेत झाल्याचे सिद्ध होत नाही, अशा आशयाचे मत दिले.

मलेरियाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी हा अन्याय वेशीवर टांगला. १९०७ च्या जुलैमध्ये रॉस यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. अखेर त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत घेतले. पण पाच वर्षे निघून गेली होती. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद मिळाले. प्लेगच्या लशीच्या नव्या कामापासून मात्र ते दूरच राहिले.

अखेरचे पर्व

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. त्यांनी विवाह केला नाही. उत्तरायुष्यात त्यांचा ओढा पूर्वजांच्या धर्माकडे वळला. ज्यू आचारधर्माच्या समर्थनार्थ त्यांनी लेखन केले आणि आपली मिळकत पूर्व युरोपातील ज्यू धर्मविद्यालयांसाठी ठेवली. ज्या धर्मासाठी त्यांनी तरुणपणी प्राध्यापकपद नाकारले, त्यालाच ते म्हातारपणी अधिक घट्ट बिलगले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले होते.

त्यांच्या पुराव्याची कथा मात्र त्यांच्या निधनाने संपली नाही. १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी विषमज्वर आणि पटकीच्या लशींच्या आकडेवारीवर निबंध लिहिला. टोचलेले आणि न टोचलेले यांची तुलना केव्हा ग्राह्य धरावी, याच्या अटी त्यांनी मांडल्या. त्या वाचताना एकाच छताखालची तुलना मागणाऱ्या हाफकिन यांची आठवण होते. १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा घेताना कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे यादृच्छिक आकड्यांच्या साहाय्याने आधीच ठरविण्यात आले. उमरखाडीच्या ओळीतील एकाआड एक ही रीत तेथे अधिक शास्त्रशुद्ध झाली, कारण ओळीत आधी कोण बसावे हे डॉक्टराला ठाऊक असले तर तो कळत-नकळत हात मारू शकतो. १९७९ मध्ये कॅनडाच्या एका कृतिगटाने पुराव्याच्या पायऱ्या ठरविल्या. २००० नंतर ग्रेड या नावाने रूढ झालेल्या पद्धतीने पुराव्याची उच्च, मध्यम, कमी आणि अत्यल्प अशी चार प्रतींत विभागणी केली. या पद्धतीत यादृच्छिक परीक्षेचा पुरावा वरच्या पायरीवरून सुरू होतो, पण ती परीक्षा ढिसाळ असेल तर तो खाली येतो. निरीक्षणाचा पुरावा खालून सुरू होतो, पण परिणाम प्रचंड असेल तर वर चढतो. पुरावा किती भक्कम आणि शिफारस किती ठाम, हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत, हे या पद्धतीचे मुख्य सांगणे.

या काट्यावर हाफकिन यांची प्लेगची लस तोलली तर काय दिसते? गेल्या शतकाच्या अखेरीस कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन-संघटनेच्या आढाव्यात प्लेगच्या कोणत्याही लशीची परिणामकारकता ठरविण्याइतका यादृच्छिक परीक्षांचा पुरावा उपलब्ध नसल्याचे नमूद झाले. प्लेगवर आज प्रतिजैविके आहेत आणि ही लस सर्वसामान्यांना दिली जात नाही. म्हणजे उंढेऱ्याचा पुरावाही आजच्या सर्वोच्च पायरीवर पोहोचत नाही. हाफकिन यांच्या मोठेपणाला त्याने बाध येत नाही. त्यांच्याजवळ यादृच्छिक आकड्यांचे तक्ते नव्हते, संगणक नव्हते, मृत्यूची खात्रीशीर नोंद नव्हती. दारात प्लेग उभा होता. तशाही स्थितीत त्यांनी हाताशी असलेल्या पुराव्यापेक्षा अधिक चांगला पुरावा कसा मिळेल, हे प्रत्येक वेळी विचारले आणि स्वतःच्या अंगावरील प्रयोगापासून तुरुंगापर्यंत, तुरुंगापासून एका खेड्यातील चुलीपर्यंत एकेक पायरी चढत नेली.

कोविडच्या साथीत अमुक काढा, तमुक गोळी यांची शिफारस करणाऱ्यांची गर्दी उसळली. तेव्हा ज्यांना हा किंवा तो उपाय मिळाला नाही, त्यांचे काय झाले, हा प्रश्न विचारणारे थोडे होते. शिरवळच्या मार्गावरील एखादा मेंढपाळही आपल्या कळपासाठी लस घेताना हाच प्रश्न विचारील, कारण लस न टोचलेली मेंढरे त्याच्या डोळ्यांसमोर असतात. माणसांच्या बाबतीत मात्र न टोचलेल्यांची मोजदाद ठेवण्याचे कष्ट कोणाला तरी घ्यावे लागतात. वाल्डेमार हाफकिन यांनी ते सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत घेतले.